चर्च सोडलेल्या सहकाऱ्याला ध्यान सुचवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही काही वर्षांपासून जर्मनीत नोकरी करता. तिथला तुमचा एक सहकारी कॅथलिक घरात वाढला, पण तरुणपणीच त्याने चर्च रीतसर सोडलं. आता चाळिशीत नोकरी, घर, प्रकृती सगळं नीट असूनही 'आत काहीच नाही' असं त्याला सतत वाटतं. तुम्ही भारतीय, म्हणून तो तुम्हाला विचारतो की योग, वेदान्त किंवा बुद्धाच्या मार्गात याचं उत्तर सापडेल का. त्याला 'हो' म्हणावं का, आणि म्हणायचं तर नेमकं काय सुचवावं, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं विपश्यनेची साधना करते आणि शिबिरांमध्ये साधकांना मार्गदर्शन करते. त्यात युरोप-अमेरिकेतून आलेले पुष्कळ असतात, त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याच्या जातकुळीची माणसं जवळून पाहिली आहेत. माझं उत्तर 'हो' असंच आहे. पण ते त्याच्या रितेपणाच्या सगळ्या भागाला लागू नाही, आणि कुठल्या भागाला लागू आहे ते न पाहता ध्यान सुचवलं तर त्याचं नुकसानही होऊ शकतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. 'पश्चिमेकडे पैसा आहे आणि आपल्याकडे अध्यात्म' ही मांडणी आपल्याला सुखावते. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच व्यासपीठावर श्रीलंकेचे बौद्ध प्रचारक अनागारिक धर्मपालही होते, आणि तेव्हापासून आपण या चित्रावर बरेच विसंबून आहोत. वस्तुस्थिती तशी नाही. एकटेपणाच्या प्रश्नासाठी ब्रिटनने 2018 मध्ये मंत्री नेमला. 2021 मध्ये जपानलाही नेमावा लागला. ज्या जपानकडून साऱ्या जगाने झेन ही बौद्ध ध्यानपरंपरा घेतली, तिथल्या बहुतेक सामान्य कुटुंबांचा देवळाशी संबंध अंत्यसंस्कार आणि पूर्वजांच्या विधींपुरता उरलाय. माणसाचं काम, कुटुंब, शेजार आणि उपासना एकमेकांपासून सुटी झाली की हा रितेपणा येतो, मग देश कुठलाही असो. पश्चिमेत हे आधी आणि जास्त वेगाने घडलं, इतकंच. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, 46.2 टक्क्यांवर आले. जर्मनीत एकट्या 2022 मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं. तुमचा सहकारी त्या मोठ्या लाटेतला एक आहे. तेव्हा त्याच्याशी बोलताना 'आमच्याकडे हे सगळं पूर्वीपासून आहे' हा सूर लागू देऊ नका. तो तुमच्याकडे अडचण घेऊन आलाय आणि अडचण माणसाची आहे.

आता ती अडचण नीट पाहू. जर्मनीत चर्च सोडणं हा कागदोपत्री व्यवहार आहे. सरकारी कार्यालयात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, जाहीरनाम्यावर सही करायची, की प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के इतका चर्चचा कर बंद होतो. पण त्या सहीबरोबर आणखी काय काय गेलं, याचा हिशेब त्या वयात कोणी करत नाही. बरोबरीने गाणं गेलं. आठवड्याला असलेला एक ठराविक ठेका गेला. बाप्तिस्म्यापासून ओळखणारी म्हातारी माणसं गेली. चुकलो हे मोठ्याने कबूल करण्याची जागा गेली. घरात मृत्यू झाला तर काय बोलायचं, काय करायचं, हे आयतं हाताशी होतं, तेही गेलं. देवावरचा विश्वास उडाला म्हणून माणूस बाहेर पडतो, पण वीस वर्षांनी त्याला उणीव भासते ती बहुधा या बाकीच्या गोष्टींची. आणि तिला तो 'आध्यात्मिक पोकळी' म्हणतो, कारण दुसरं नाव त्याला सुचत नाही.

त्यामुळे माझ्यासमोर बसलेला माणूस 'मला रितं वाटतं' म्हणाला की मी आधी विचारते, हे कधीपासून आहे आणि कोणत्या वेळी जास्त असतं. झोप उडालीय, भूक मेलीय, पूर्वी आवडायचं त्यात मन लागत नाही, असं कळलं तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याने आधी डॉक्टरकडे जायला हवं. रविवारी दुपारी जास्त होतं, सणासुदीला जास्त होतं, असं असेल तर त्याला माणसं हवी आहेत. कामाला काही अर्थच उरला नाही असं वाटत असेल, तर व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाने ज्याला अस्तित्वाची पोकळी म्हटलं तो प्रकार झाला. त्यावर फ्रँकलचं म्हणणं असं होतं की अर्थ आत खणून सापडत नाही. कोणाची तरी, कशाची तरी जबाबदारी अंगावर घेतली की तो येतो. मला ते पटतं. आणि एक चौथा प्रकार असतो: माणसं आहेत, काम आवडतं, प्रकृती ठणठणीत आहे, तरीही 'मी' म्हणून जो कोणी आत आहे त्याचं समाधान म्हणून होत नाही. बुद्धाने आणि उपनिषदांनी सर्वांत खोलवर विचार केलाय तो याचा. बहुतेकांत हे सगळं थोडं थोडं मिसळलेलं असतं, म्हणून तुमच्या सहकाऱ्यात कशाचं प्रमाण किती आहे, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्हीच त्याच्याशी बोलून पाहायला हवं.

चौथ्या प्रकारावर साधना नक्की काय करते, हे एका उदाहरणावरून सांगते. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो, नाकपुड्यांपाशी आणि वरच्या ओठावर. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, म्हणजे सगळ्या शरीरावरच्या संवेदना क्रमाने पाहणं. दुपारी साधक एकेकटे येऊन प्रश्न विचारू शकतात. अशाच वेळी हॉलंडच्या एक मध्यमवयीन बाई आल्या आणि म्हणाल्या, "मी आत पाहते आणि तिथे काहीच नाही. घरीही मला हेच वाटतं, त्यासाठीच तर इथे आले होते." मी विचारलं, "हे 'काहीच नाही' तुम्हाला शरीरात कुठे जाणवतं?" त्यांनी बराच वेळ विचार केला, मग छातीच्या मधल्या हाडाखाली हात ठेवला. "कसं आहे ते?" "आवळल्यासारखं. थंड." "सतत तेवढंच असतं?" ते त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, आज तिथे पोचलात की तेवढंच पाहा, घालवायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा चेहरा गोंधळलेला होता. "ते कमी-जास्त होतं. मध्ये थोडा वेळ नव्हतंच. आणि ते नाही हे लक्षात आलं तेव्हा मला भीती वाटली."

ही भीती फार महत्त्वाची आहे. तोवर 'माझं आयुष्य रितं आहे' हा त्यांच्यासाठी सिद्ध झालेला निष्कर्ष होता. आता तो छातीतल्या एका संवेदनेवर उभा आहे असं दिसलं, ती संवेदना येते-जाते असं दिसलं, आणि तिच्याभोवती 'रिती असलेली मी' अशी एक ओळखच तयार झाली होती हेही दिसलं. ती ओळख क्षणभर सुटली म्हणून भीती. बुद्धाने वेदना (म्हणजे त्याच्या भाषेत संवेदना) आणि तृष्णा यांच्यामधल्या ज्या सांध्यावर बोट ठेवलं तो हाच: नकोशी संवेदना उठते, लगेच 'हे जायला हवं, इथे दुसरं काहीतरी भरायला हवं' अशी धडपड सुरू होते, आणि ती धडपडच पोकळीला पोकळीचं रूप देते. साधना त्या पोकळीत काही आणून ओतत नाही. भरून मागणाऱ्याकडेच ती शांतपणे पाहायला लावते. वेदान्तात 'मी कोण' हा शोध वेगळ्या वाटेने जातो आणि त्याचं तत्त्वज्ञानही बुद्धाहून वेगळं आहे, पण मागणाऱ्याकडे वळायचं हे तिथेही आहेच.

म्हणून माझं 'हो' आहे. पण याच बाई शिबिरानंतर रिकाम्या घरी परतणार होत्या, आणि त्या घराचं उत्तर ध्यानात नव्हतं. ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

इथे आपल्या परंपरांची एक मर्यादाही सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. 1990 मध्ये धरमशालेला वैज्ञानिक आणि साधकांची एक परिषद झाली. त्यात अमेरिकन ध्यानशिक्षिका शॅरन साल्झबर्ग यांनी दलाई लामांना विचारलं की स्वतःबद्दलच्या तिरस्काराचं काय करावं. त्यांना प्रश्नच कळेना. ते दुभाष्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. माणूस स्वतःचाच तिरस्कार करतो म्हणजे नक्की काय करतो? खोलीतल्या पाश्चात्त्य मंडळींना तर ही भावना पूर्ण परिचयाची होती. मला यात दलाई लामांचं काही उणं दिसत नाही. पण ज्या माणसांसाठी या साधना घडल्या त्यांच्या मनाची बैठक वेगळी होती, हे यातून कळतं. मैत्री भावना, म्हणजे सर्वांचं भलं चिंतण्याची साधना, तिचंच बघा. पारंपरिक क्रम असा की सुरुवात स्वतःपासून करायची, 'मी सुखी होवो', कारण ते सर्वांत सोपं आणि त्यावरून इतरांचं सुख कळतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पाश्चात्त्य साधकांचं गाडं नेमकं या पहिल्याच पायरीवर अडतं. काहींना रडू कोसळतं, काहींचा जबडा घट्ट होतो. तिथले बरेच शिक्षक आता ज्याने आपल्यावर उपकार केले अशा व्यक्तीपासून सुरुवात करवतात आणि स्वतःकडे नंतर येतात. हा बदल योग्यच आहे. अनात्म्याचा उपदेशही असाच जपून द्यावा लागतो. ज्याला मुळात स्वतःची किंमत शून्य वाटते त्याला 'मी असं काही नाहीच' हे वाक्य औषध म्हणून लागू पडत नाही. ते त्याच्या जखमेला दुजोरा देतं.

याच संदर्भात जॉन वेलवूड यांची आठवण होते. ते मानसोपचारतज्ज्ञ होते आणि स्वतः बौद्ध साधक होते. मनातली न मिटलेली दुःखं टाळण्यासाठी लोक अध्यात्माचा आडोसा घेतात, हे त्यांनी 1980 च्या दशकात नेमकेपणाने मांडलं. हे मी दर वर्षी पाहते. आईशी वीस वर्षं अबोला आहे आणि साधक मला समतेविषयी, म्हणजे सुखदुःखात मन समतोल ठेवण्याविषयी, बारीक प्रश्न विचारतोय. अशा वेळी मी समतेवर बोलत नाही, आईबद्दल विचारते.

मग पश्चिमेत ध्यान इतकं पसरूनही पोकळी तशीच का? मला वाटतं, तिथे जे पोचलं ते बहुतांशी तंत्र होतं. त्याला इतिहास आहे. गृहस्थांनी मोठ्या संख्येने ध्यानाला बसणं हीच तशी अलीकडची गोष्ट. बर्मावर (आजच्या म्यानमारवर) इंग्रजांचा ताबा असताना लेडी सयाडो (1846–1923) यांनी सामान्य माणसांना ध्यान शिकवण्यावर भर दिला. त्याच परंपरेतले ऊ बा खिन हे बर्माचे महालेखापाल होते, म्हणजे सरकारी नोकरीतले गृहस्थ. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. तिकडे अमेरिकेत 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम आखला आणि त्यातून धर्माची भाषा मुद्दाम वगळली. रुग्णालयासाठी ते बरोबरच होतं. वेदनेने हैराण झालेल्या माणसाला काही आठवड्यांत थोडं सुसह्य जगता येत असेल तर त्याचा मला आनंदच आहे. पण तेच पुढे कार्यालयांत, फोनच्या ॲपमध्ये गेलं तेव्हा त्याच्याकडून आयुष्याच्या अर्थाची अपेक्षा होऊ लागली, आणि तो भार त्याला पेलणारा नव्हता.

बुद्धाच्या मूळ रचनेत शील (सदाचार), समाधी (मनाची एकाग्रता), प्रज्ञा (खोल जाण) एकत्र आहेत, आणि शील पहिलं आहे. पतंजलीकडेही आसन-ध्यानाच्या आधी यम-नियम येतात. याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. दिवसभर खोटं बोललेला माणूस संध्याकाळी डोळे मिटून बसला तर त्याच्या डोक्यात काय चालेल, हे कोणालाही कळेल. शिवाय शील म्हणजे इतर माणसांशी असलेलं नातं, आणि तुमच्या सहकाऱ्याची निम्मी पोकळी तिथेच आहे. संघ (म्हणजे साधकांचा समुदाय), दान, सेवा यांनी माणूस पुन्हा माणसांत येतो. शिबिरात नुसतं बसून गेलेल्यांपेक्षा पुढे सेवेला आलेल्यांमध्ये, पहाटे चारची घंटा वाजवणाऱ्यांमध्ये आणि भांडी घासणाऱ्यांमध्ये मला जास्त फरक दिसतो. साधनेपैकी कुठला भाग माणसाला आधी सावरतो हे व्यक्तीगणिक बदलतं, पण पश्चिमेतून आलेल्यांना बरेचदा सेवेनेच सावरलेलं मी पाहिलंय.

आता त्याच्या स्वतःच्या परंपरेचा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1936 मध्ये लिहिलं होतं की पाश्चात्त्यांनी योग अभ्यासावा, पण आचरणात आणायला जाऊ नये. पश्चिम काही शतकांत ख्रिस्ती धर्माच्या पायावर आपला योग स्वतः घडवेल. त्यांचं पहिलं म्हणणं मला पटत नाही. पाश्चात्त्य साधक खोलवर जातात, हे मी पाहतेच आहे. पण ख्रिस्ती पायाबद्दल ते बोलले त्यात तथ्य आहे, आणि त्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण जॉन मेन यांचं. 1950 च्या दशकात ते मलायात (आजच्या मलेशियात) ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. तिथे सत्यानंद नावाच्या एका हिंदू स्वामींनी त्यांना मंत्रजप करत ध्यान करायला शिकवलं, आणि ख्रिस्ती असल्यामुळे ख्रिस्ती मंत्र घ्यायला सांगितला. पुढे 1959 मध्ये ते लंडनच्या बेनेडिक्टाइन मठात दाखल झाले, तेव्हा तिथल्या गुरूंनी हे ध्यान बंद करायला लावलं, कारण ते ख्रिस्ती प्रार्थनेत बसत नाही अशी समजूत होती. त्यांनी आज्ञा पाळली. पुढे काही वर्षांनी जॉन कॅसियन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या साधूचं लिखाण वाचताना त्यांना दिसलं की वाळवंटातले जुने ख्रिस्ती साधू एकच लहान वाक्य अखंड मनात धरून बसत. हिंदू स्वामींनी दिलं ते त्यांच्याच घरात दीड हजार वर्षं पडून होतं. त्यांनी ध्यान पुन्हा सुरू केलं आणि 1982 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते इतरांना शिकवत राहिले.

माझा अनुभव असा की चर्चवर संतापून बाहेर पडलेल्याला, विशेषतः तिथे कोणी इजा केली असेल तर, पूर्वेकडची परंपरा मोकळा श्वास देते, आणि त्याला परत वळवायचा प्रयत्न करू नये. पण जो नुसता हळूहळू दूर झाला, त्याला ध्यानात थोडं स्थिरावल्यावर आपल्या लहानपणच्या प्रार्थना पुन्हा ऐकू येऊ लागतात. तेव्हा तो घाबरून विचारतो, "मी मागे जातोय का?" मी सांगते, जा आणि तिथे बसून पाहा.

तर तुमच्या सहकाऱ्याला काय सांगाल? आधी विचारा की चर्चमधलं त्याला काय आठवतं. त्याच्या उत्तरावरून तुम्हाला निम्मं कळेल. तो गाण्याबद्दल आणि माणसांबद्दल बोलला तर त्याच्या शहरात आठवड्याला एकत्र बसणारा एखादा लहान गट शोधायला मदत करा, बौद्ध असो की ख्रिस्ती ध्यानाचा. तो त्याच 'काहीच नाही'बद्दल बोलला, जे सगळं असूनही उरतं, तर एक साधना, एक शिक्षक आणि निदान एक वर्ष, इतकं सुचवा. या महिन्यात झेन, पुढच्या महिन्यात कुंडलिनी, मग तिबेटी दीक्षा अशी भटकंती करणाऱ्यांची पोकळी वाढतच गेलेली मी पाहिली आहे, कारण दर वेळी कंटाळा आला, की खरं काम सुरू होण्याच्या आधीच ते उठून जातात. शिक्षक निवडताना पैसे, शरीरसंबंध आणि प्रश्न विचारण्याची मुभा या तीन गोष्टींत तो स्वच्छ आहे का, हे जुन्या शिष्यांकडून काढून घ्यायला सांगा. या बाबतीत गुरूंनी विश्वासघात केल्याच्या घटना पूर्वेकडून पश्चिमेत गेलेल्या जवळपास प्रत्येक परंपरेत घडल्या आहेत. आणि तुम्हाला स्वतःला ध्यान येत नसेल तर त्यावर व्याख्यान देऊ नका, त्याच्याबरोबर बसा. दोघं नवशिके असलात तरी चालेल.

दहा दिवसांचं शिबिर पहिलं पाऊल म्हणून मी सगळ्यांना सुचवत नाही. ते चांगलंच कसोटी पाहतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीव्र भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे अनुभव नोंदवले आहेत. आधी काही महिने रोज थोडा वेळ श्वासावर बसू दे, गटात जाऊ दे, मग ठरवू दे. शिबिराला जायचंच ठरलं तर अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधं यांविषयी प्रश्न असतात, ते काहीही न लपवता भरायला सांगा. प्रवेश मिळणार नाही या भीतीने लोक तिथे गाळतात, आणि शिबिराच्या आधी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करून येतात. तसं त्याने अजिबात करू नये. औषधाचा निर्णय त्याच्या डॉक्टरचाच.